समुद्राचा वाटा, किनाऱ्याचा वाटा

दौंड आणि शिरूर या दोन्ही गावांपासून समुद्र दूर आहे. दौंडजवळून वाहणारी भीमा आणि शिरूरची घोडनदी या दोघी सह्याद्रीत उगम पावतात खऱ्या. परंतु त्या कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वळतात. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात विलीन होते. अशा या कोरड्या मुलखातूनही तरुण मुले नौदलात भरती होतात. त्यांतील ज्यांच्या वाट्याला यंत्रशाखा येते, त्यांची वाट नद्यांच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे जाते. ती प्रथम लोणावळ्याला थांबते. जहाजाचे इंजिन चालवण्याची विद्या जिथे शिकवली जाते ती 'आयएनएस शिवाजी' ही संस्था १९४५ पासून आपल्याच पुणे जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावर उभी आहे. समुद्राचा कारागीर समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी घडतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

पुढे त्याच्या घरात दोन नवे शब्द येतात. त्याचे आईवडील, पत्नी, कालांतराने मुलेसुद्धा 'शिप' आणि 'शोअर' या दोन शब्दांनी वर्षे मोजू लागतात. मुलगा कुठे आहे, असे शेजारणीने विचारले की, 'सध्या शिपवर आहे' किंवा 'यंदा शोअर मिळाली' असे उत्तर मिळते. लग्नाची तारीख, घराची डागडुजी, बाळाचा बाप्तिस्मा, म्हाताऱ्या वडिलांचे मोतिबिंदूचे ऑपरेशन, सारे काही या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी बसवावे लागते. समुद्राला किती द्यावे आणि किनाऱ्याला किती, हा प्रश्न मग नौदलाच्या कचेरीपुरता राहत नाही. तो घराच्या उंबऱ्याच्या आत येतो.

बदल्या आणि नेमणुका यांत नीतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, जिथे एकाच्या खांद्यावरचे ओझे हलके होताना दुसऱ्याच्या खांद्यावरचे जड होते, तिथे नीतीचा प्रश्न आलाच. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्ही योजले आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. नौदलातील सर्वच कामांना समुद्र सारखा लागत नाही. कारकुनाचे, स्वयंपाक्याचे, भांडारपालाचे काम जहाजावर असते तसे किनाऱ्यावरही असते. यंत्रकाराचे तसे नाही. इंजिन जिथे, तिथे तो. किनाऱ्यावर त्याच्यासाठी जागा आहेत. मुंबईची नौदल गोदी आहे, देखभालीची व दुरुस्तीची केंद्रे आहेत, प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. परंतु त्या जागा मोजक्या, आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले पुष्कळ. एखाद्या वाफेच्या जहाजाचा बॉयलर असो अथवा २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'ची चार गॅस टर्बाइने असोत, यंत्र बदलले तरी पहारा बदलत नाही. ठरल्या तासांच्या पाळीने, दिवसरात्रीचा भेद विसरून, पाणपातळीच्या खालच्या कप्प्यांत, उष्णतेत आणि अखंड आवाजात तो काम करतो. वर डेकवर सूर्योदय झाला की सूर्यास्त, हे त्याला घड्याळावरून समजते.

शिवाय ओढ दोन्ही बाजूंची असते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. समुद्रसेवेचा भत्ता मिळतो, बढतीच्या वाटेवर समुद्रसेवेला वजन असते, सहकाऱ्यांत मान असतो. आणि खरे सांगायचे तर आपल्या हाताखाली एवढे प्रचंड यंत्र शिस्तीत चालते आहे, याचा कारागिराला आनंदही असतो. दुसऱ्या बाजूला घर असते. तेव्हा समुद्र म्हणजे केवळ शिक्षा आणि किनारा म्हणजे केवळ सुख, असे समजणे या माणसांवर अन्याय करणारे आहे. काही जण किनारा टाळतात तेही घरच्या जबाबदाऱ्या टाळण्यासाठी, हे कटू असले तरी असत्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या दोहोंचा तोल साधायचा म्हणजे काय करायचे? आपण बहुधा वाण्याच्या तराजूचा विचार करतो. एका पारड्यात समुद्राची इतकी वर्षे, दुसऱ्यात किनाऱ्याची तितकी. पारडी समान झाली की हिशेब फिटला. कचेरीला असा हिशेब ठेवावाच लागतो आणि त्यांनी तो चोख ठेवला पाहिजे. परंतु घराला हा तराजू लावला की घोटाळा होतो. पैसा साठवता येतो, उसना घेता येतो, पुढे परत करता येतो. काळाचे तसे नाही. मुलाच्या आयुष्यातले पाचवे वर्ष त्याच्या आठव्या वर्षी परत करता येत नाही. आईच्या आजारपणातल्या ज्या रात्री मुलगा समुद्रावर होता, त्या रात्रींची भरपाई तिच्या बऱ्या दिवसांत होत नाही. जे गेले ते गेले. त्याला कर्ज समजून फेडायला निघालेला माणूस दुप्पट दुःखी होतो आणि घरच्यांनाही दुःखी करतो.

अशी फेड करणारे पिते आपण पाहिले आहेत. कॅन्टीनमधून आणलेल्या वस्तूंनी घर भरते, मुलांना मागतील ते मिळते. किंवा याच्या अगदी उलट घडते: इतक्या दिवसांत राहून गेलेली सारी शिस्त महिन्याभरात लावून टाकण्याचा सपाटा सुरू होतो. जहाजावर प्रत्येक पान्याला ठरलेली जागा असते. घरातही तसेच व्हावे म्हणून कपाटे पुन्हा लावली जातात, मुलांचे वेळापत्रक भिंतीवर चढते. मुलगा मात्र वडिलांनी 'जा खेळायला' म्हटल्यावरही दारात थांबतो आणि आईकडे पाहतो. त्या एका दृष्टिक्षेपात सारा प्रश्न सामावलेला आहे. घराने त्याच्याविना चालायला शिकून घेतले आहे. रेशन, बँक, शाळा, सासूचे औषध, गॅसचा नंबर हे सर्व त्या माउलीने एकटीने उचलले आहे. तिच्या हातातून कारभार काढून घेणे म्हणजे किनाऱ्यावर येणे नव्हे. तिच्या शेजारी उभे राहून आज माझ्या वाट्याचे काय, असे विचारणे हे खरे किनाऱ्यावर येणे होय.

किनारा ही सुट्टी नाही, बक्षीस नाही आणि समुद्राने दिलेली नुकसानभरपाई तर मुळीच नाही. ती समुद्राइतकीच पूर्ण वजनाची दुसरी नेमणूक आहे, हे आम्हांस या लेखात मुख्यत्वे सांगायचे आहे. तिथेही पाळी असते, तिथेही जागे राहावे लागते, तिथेही शिकावे लागते. ज्याने हे ओळखले त्याचा तोल निम्मा साधला. मग त्याच्या वाट्याला किनाऱ्याचे महिने कमी आले तरी ते रिकामे जात नाहीत.

कामाच्या बाजूनेही हे खरे आहे. लोणावळ्यात नव्या मुलांना इंजिन उघडून दाखवणारे अनुभवी नौसैनिक कोण असतात? जहाजावरून किनाऱ्यावर आलेलेच. कोणत्या आवाजाने घाबरावे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करावे, हे पुस्तकातून कळत नाही. ते समुद्रावर कमावलेले ज्ञान किनाऱ्यावर दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. जो कधी समुद्रावर गेलाच नाही त्याच्याजवळ द्यायला काही नसते, आणि जो कधी किनाऱ्यावर आलाच नाही त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर संपते. प्रत्यक्ष जहाजाकडे पाहा. तेही ठरल्या काळाने गोदीत येते. त्याला सुक्या गोदीत उचलतात, तळावरचे शेवाळ व शिंपले खरवडतात, यंत्रे उघडून झिजलेले भाग बदलतात. नौदलात याला रिफिट म्हणतात. गोदीतल्या जहाजाला कोणी आळशी म्हणत नाही. लोखंडाला जी सवलत आपण बिनतक्रार देतो ती हाडामांसाच्या माणसाला देताना का कुरकुरतो? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे परिपत्रक काढले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे. यंत्राच्या देखभालीचे वेळापत्रक असते आणि यंत्रकाराच्या देखभालीचे नसते, ही गोष्ट त्या सूत्राशी विसंगत होय.

येथे एक नाजूक विषय येतो, आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. बदलीचा हंगाम जवळ आला की आमच्यासारख्या धर्मगुरूंकडे काही कुटुंबे एक विनंती घेऊन येतात. घरी आई आजारी आहे, कर्ता पुरुष दुसरा नाही, तेव्हा मुलाला किनाऱ्यावरची नेमणूक मिळावी असे एक पत्र द्या. घरगुती अडचणींचा विचार सैन्यदले करतात, ही चांगली गोष्ट आहे. पुष्कळदा अडचण खरीच असते. कधी ती अर्धी खरी असते. आईचे गुडघे दुखतात, पण ती रोज मिस्सेला चालत येते. आणि कधी अडचण मुळीच नसते, फक्त ओढ असते.

येणाऱ्यांचा युक्तिवाद आपण नीट ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, 'फादर, वशिला सगळेच लावतात. आम्हीच खरे बोललो तर आमच्या मुलाने जन्मभर बॉयलरजवळ उभे राहायचे आणि बाकीच्यांनी गोदीत खुर्चीवर बसायचे. याला न्याय म्हणायचे का?' हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. प्रामाणिक माणसावर जास्त ओझे पडते, हा जगाचा जुना अनुभव आहे. सगळे सुधारतील तेव्हा मी सुधारीन, हे म्हणणे चूक असले तरी एकट्यानेच सोसायचे का, ही वेदना खरी आहे.

तरीही एक गोष्ट डोळ्यांआड होता कामा नये. जहाज कधी रिकाम्या जागेने निघत नाही. आपल्या मुलाची जागा खोट्या पत्राने सुटली तर त्या जागी कोणीतरी दुसरा उभा राहतो. तो सातारा जिल्ह्यातला असेल, केरळातला असेल, बिहारमधला असेल. त्यालाही आई असेल, आणि ती कदाचित खरोखरच अंथरुणाला खिळलेली असेल; पण तिच्या मुलाला इंग्रजीत पत्र लिहून देणारा कोणी भेटला नसेल. आपण वाचवलेले ओझे हवेत विरघळत नाही. ते आपल्याला न दिसणाऱ्या एका घराच्या दारात जाऊन पडते. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. या बाबतीत तो शेजारी म्हणजे यादीतले पुढचे नाव.

संत थॉमस अक्वायनस यांनी वाटपाच्या न्यायाचे विवेचन करताना एक भेद सांगितला आहे. सर्वांना सारख्याच मापाने देणे हा वाटपातला न्याय नव्हे; प्रत्येकाच्या परिस्थितीच्या प्रमाणात देणे हा न्याय. या दृष्टीने पाहता, ज्याचे मूल अपंग आहे किंवा ज्याची पत्नी गंभीर आजारी आहे त्याला किनारा जास्त मिळाला तर तो पक्षपात ठरत नाही. उलट त्याला इतरांच्या बरोबरीने समुद्रावर पाठवणे हाच अन्याय ठरेल. परंतु प्रमाण ठरवायचे तर माप खरे हवे. प्रत्येक खोटे पत्र खऱ्या पत्राची किंमत कमी करते. शंभर अर्जांतले बहुतेक अर्ज फुगवलेले आहेत हे एकदा अधिकाऱ्याला कळले की, एकशे एकावा खरा अर्जही तो संशयाने वाचतो. म्हणून आम्ही एक साधा नियम पाळतो: जे पाहिले ते लिहितो, जे सांगितले गेले ते लिहीत नाही. आजार असेल तर आजाराचे नाव. नुसती ओढ असेल तर तीही लपवण्याचे कारण नाही. मुलगा जवळ असावा असे आईला वाटते, यात लाजण्यासारखे काय आहे? ओढ ही ओढ म्हणून मांडावी, गरज म्हणून मांडू नये.

तथापि न्यायाचा सारा भार कुटुंबावर टाकून चालणार नाही. वशिल्याने जागा देता येते म्हणूनच वशिला लावला जातो. जिथे पाळीचा क्रम सर्वांना दिसतो, जिथे कोणाला किती काळ समुद्र झाला हे उघड असते, तिथे खोट्या पत्राचा मोह आपोआप कमी होतो. 'देशासाठी' हा शब्द पवित्र आहे. परंतु कामाची वाटणी नीट न केल्याचे पांघरूण म्हणून तो वापरला जाऊ नये. हे नौदलालाच लागू आहे असे नाही. शाळा, इस्पितळे, आणि ख्रिस्तसभेच्या आपल्या स्वतःच्या संस्था यांनाही ते तितकेच लागू आहे.

दौंडच्या लोकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. गाडी चालवणाऱ्यांच्या घरी रात्री-अपरात्री येणारा बोलावा, परगावच्या रनिंग रूममधली झोप, सणाच्या दिवशीची रिकामी खुर्ची, हे सर्व इथल्या पिढ्यांनी पाहिले आहे. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडलाच आहेत. त्यांतले जवान बंदोबस्तासाठी घरापासून लांब राहतात. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणारी घरे आहेत. तिथे नवरा-बायको एकमेकांना फाटकात भेटतात. समुद्र नसला तरी ओहोटी-भरती आपल्या ओळखीची आहे. ज्या आळीत अशी घरे आहेत तिथे शेजारधर्म कसा असावा हे आपल्याला शिकवावे लागू नये. रात्री मूल तापाने फणफणले तर कोणाचे दार वाजवायचे, हे त्या एकट्या माउलीला आधीपासून ठाऊक असेल, तर समुद्रावरच्या माणसाचा निम्मा घोर कमी होतो. कुटुंबाचा तोल कुटुंबाने एकट्याने सांभाळावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले आहे. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली. तिच्या मूळ रचनेनुसार अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम सेवेची संधी. पूर्वी नौसैनिक सामान्यतः पंधरा-वीस वर्षे सेवा करी आणि त्या मुदतीत समुद्र व किनारा यांच्या पाळ्या बसत. चार वर्षांत कसल्या पाळ्या आणि कसला तोल! बहुतेकांच्या बाबतीत उरलेले अवघे आयुष्य हाच किनारा. ऐन पंचविशीच्या आत एक तरुण टर्बाइनची विद्या, सेवानिधीची रक्कम आणि मोडलेली झोप घेऊन दौंडच्या फलाटावर उतरेल. तेव्हा आपण त्याला काय देऊ? 'आता पुढे काय?' हा टोचणारा प्रश्न, की एखाद्या कारखान्यातल्या ओळखीच्या फोरमनचे नाव? त्याच्या हातातली कला ओळखणारा किनारा त्याला मिळाला पाहिजे. हे काम सरकारचे आहेच, पण ते धर्मग्रामाचेही आहे.

आणि काही हिशेब असे असतात की ते कोणत्याच तराजूत बसत नाहीत. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात 'खुकरी' बुडाली. तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाज बुडते तेव्हा सर्वांत खालच्या कप्प्यातल्या माणसाला शिडी सर्वांत लांब असते. २६ एप्रिल २०१९ रोजी 'विक्रमादित्य' कारवार बंदरात शिरत असताना यंत्रविभागात आग लागली; ती विझवण्याच्या कामाचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान यांनी प्राण गमावले. किनारा दृष्टीच्या टप्प्यात होता. या माणसांच्या वाट्याचा किनारा त्यांना कोणी परत देऊ शकत नाही. त्यांच्या स्मरणाने निदान इतके व्हावे, की ज्यांना किनारा लाभला त्यांनी तो वाया घालवू नये, आणि ज्यांना समुद्राची पाळी आली त्यांनी ती दुसऱ्याच्या माथी मारू नये.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात चिंतनाचे जीवन, कर्माचे जीवन आणि दोहोंचे मिश्र जीवन यांचा विचार केला आहे. त्यांचा आशय असा की, चिंतनात इतके रमू नये की शेजाऱ्याचा विसर पडेल, आणि कर्मात इतके बुडू नये की परमेश्वराचा विसर पडेल. त्या काळच्या बिशपांना आणि विद्वानांना उद्देशून केलेला हा विचार आजच्या इंजिनरूममधल्या कारागिराला चपखल लागू पडतो. समुद्रावर असताना किनारा मनात जागा असावा: मुलाच्या परीक्षेची तारीख आठवावी, संपर्क मिळेल तेव्हा तक्रारी ऐकून घ्याव्यात, आणि पत्नीने घेतलेल्या निर्णयामागे ठाम उभे राहावे. किनाऱ्यावर असताना समुद्रही मनात जागा असावा: आपल्या जागी आज कोण पहाऱ्यावर उभा आहे, त्याच्या घरी कोण आहे, याची आठवण असावी. दोन पारडी सारखी करण्यापेक्षा ही दुहेरी आठवण ठेवणे कठीण आहे, आणि ते रोजचे काम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या घरी बदलीचा हुकूम येईल, तेव्हा त्या कुटुंबाने जेवणानंतर एकत्र बसून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. आपली अडचण खरी किती आणि ओढ किती? आपण नाही म्हटले तर आपल्या जागी कोण जाईल? आणि जे काही ठरेल त्यात घरी राहणाऱ्यांच्या सोबतीला कोण असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या कुटुंबाने द्यावीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्यांना द्यावे लागू नये. ते आपण शेजाऱ्यांनी, हुकूम येण्यापूर्वीच, त्यांच्या दारात जाऊन द्यावे.